'इतर' नावाचा रकाना

गेल्या महिन्यात एका बगने माझ्या सलग तीन रात्री खाल्ल्या. आमचा क्लायंट अमेरिकेतला. हॉस्पिटलांमधली पेशंटची माहिती एका सिस्टीममधून दुसऱ्या सिस्टीमपर्यंत पोचवणं, थोडक्यात हमाली, हे आमचं काम. ही माहिती एचएल-सेव्हन नावाच्या ठरलेल्या साच्यात जाते. पेशंट कोण, हे सांगणाऱ्या ओळीला पीआयडी म्हणतात आणि तिच्यातला दहावा रकाना असतो वंशाचा. पीआयडी-१०. (बाविसावा रकाना वांशिक गटाचा. म्हणजे दोन-दोन!) तो दहावा रकाना रिकामा आला, की समोरची सिस्टीम अख्खा निरोपच परत फेकत होती.

तिसऱ्या रात्री दोन वाजता मी वैतागलो. माणसाचं नाव आहे, जन्मतारीख आहे, रक्ताचे रिपोर्ट आहेत, आणि अडलंय कशावर, तर वंशावर. टीम लीडला म्हटलं, "साखर मोजायला यांना कातडीचा रंग कशाला लागतो?" त्याची याच डोमेनमध्ये दहा-बारा वर्षं गेलीत. तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "तो रकाना काढलास तर कोण जास्त मरतंय ते कळणार कसं?"

बग सुटला. वाक्य मात्र डोक्यात राहिलं. आणि का कोण जाणे, त्यावरून मला एकदम जालना आठवलं.

मी जालन्याचा. शाळेत माझा एक जिवलग मित्र होता (अजूनही आहे), मंठा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. बंजारा. तो जालन्यात वसतिगृहात राहायचा आणि दर रविवारी आमच्या घरी जेवायला असायचा. त्याचे आई-वडील दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत. तो आईला 'याडी' म्हणायचा, मग मीही याडीच म्हणायला लागलो. आम्ही आठवीत होतो तेव्हा याडीचं ऑपरेशन झालं. 'पिशवी काढली' एवढंच आम्हाला कळलं. कसली पिशवी, हे विचारायची अक्कल आणि हिंमत दोन्ही नव्हती. तिशीसुद्धा गाठली नव्हती तिने. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखत होतं. एका खाजगी दवाखान्यात सांगितलं, की पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. पैसे मुकादमाकडून उचलले. पुढच्या हंगामात याडी पुन्हा फडात.

मित्र आता एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेवक आहे. शनिवारी त्याला फोन लावला आणि सरळ विचारलं, "तुमच्या रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो का रे?"

तो हसला. म्हणाला, "असतो की. एससी, एसटी आणि इतर. आम्ही इतर."

मग जरा थांबून म्हणाला, "पण माझी मावसबहीण आदिलाबादला आहे ना, तिकडच्या रजिस्टरात ती एसटी. आणि आमची एक आत्या बिदरकडे दिलीय, तिची पोरं तिकडे एससी."

बघा आता. एकाच घराण्यातली माणसं, एकच बोली, एकच सेवालाल महाराज, आणि तीन डेटाबेसमध्ये तीन वेगळ्या किमती. एखाद्या ज्युनियरने असं टेबल बनवून आणलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. इथे मात्र बनवणाऱ्यांमध्ये निझाम, इंग्रज, संसद आणि महाराष्ट्र शासन असे सगळे दिग्गज आहेत! त्यामुळे हे असं कसं झालं, ते शोधण्यात माझे दोन वीकएंड गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात आमच्याच जिल्ह्यातून करता येते. जिल्ह्यात आसई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, यांची लढाई झाली. शाळेत आम्हाला हे दोन ओळींत शिकवलं. त्या ओळींत नसलेली गोष्ट अशी, की एवढी फौज खायची काय? त्या काळात दख्खनमध्ये सैन्यामागे धान्य पोचवायचं काम बंजाऱ्यांचे तांडे करत. हजारो बैल, पाठीवर गोण्या. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात हे 'ब्रिंजारी' सारखे भेटतात: ते आले का, किती बैल आणले, का आले नाहीत. मुघलांच्या दख्खन मोहिमांनाही तेच पुरवठा करत. आजच्या भाषेत सांगायचं तर दख्खनची सगळी लॉजिस्टिक्स या लोकांच्या बैलांवर चालायची. मीठ, धान्य, कापूस, सगळं.

मग आधी पक्के रस्ते आले आणि मग रेल्वे आली. मनमाडहून निघून जालना, परतूर, परभणीवरून सिकंदराबादला जाणारी मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली. माझ्या आजोबांना त्या लाइनचं कोण कौतुक. पण ज्या दिवशी जालन्याहून कापसाच्या गाठी डब्यातून जायला लागल्या, त्या दिवशी बैलाच्या पाठीवरच्या गोणीचं काय झालं असेल? भंग्या भुक्या या इतिहासकाराचं 'सब्जुगेटेड नोमॅड्स' हे निझामाच्या राज्यातल्या लंबाड्यांवरचं पुस्तक २०१० मध्ये आलं. वाहतुकीचा धंदा बुडाल्यावर ही माणसं आधी गुरं पाळायला लागली, मग जंगलाचे कायदे आड आले, मग कोरडवाहू जमिनी किंवा दुसऱ्याच्या शेतात राबणं, ही सगळी घसरण त्यात आहे. आपल्या कंपनीत ऑटोमेशन आलं की आपण रीस्किलिंगच्या ईमेल वाचतो. यांना ईमेल नाही आला, कायदा आला.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा. सुरुवातीला तो उत्तरेत लागू झाला, १९११ नंतर साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात. निझामाच्या राज्यातही याच धर्तीवर नियम केले गेले आणि लंबाड्यांवर तो शिक्का बसला. शेजारच्या वऱ्हाडात बंजाऱ्यांवरचं पहिलं सविस्तर टिपण लिहिलं कम्बरलेज नावाच्या माणसाने. ते १८८२ मध्ये छापलं गेलं. आणि हा कम्बरलेज कोण? वऱ्हाड पोलिसातला अधिकारी.

मला हे वाचताना खरोखर थांबावंसं वाटलं. म्हणजे या समाजासाठी रकाना पूर्वी होता! व्यवस्थित, स्वतंत्र, तपशीलवार. कुळं, गोत्रं, चालीरीती, कुठल्या महिन्यात कुठे मुक्काम, सगळं टिपलेलं. १९२० मध्ये सय्यद सिराज उल हसन यांचा निझामाच्या राज्यातल्या जाती-जमातींवरचा जाडजूड ग्रंथ आला, त्यातही लंबाड्यांवर मोठं प्रकरण आहे. १९३१ पर्यंतच्या जनगणनांत जातवार मोजणी होती. लक्ष ठेवायचं होतं तोवर मोजलं. मग स्वातंत्र्य आलं, ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द होऊन हे लोक 'विमुक्त' झाले आणि तोवर मोजणीतूनही मुक्त झाले होते. १९५१ पासून जनगणनेत फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या जातात, बाकी सगळे एका गाठोड्यात.

तीन डेटाबेसांची भानगड झाली ती १९५६ साली. १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य तीन तुकड्यांत वाटलं गेलं. तेलंगणचा भाग आंध्रात, बिदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरमध्ये आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात. (जालना तेव्हा औरंगाबादचा तालुका, जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला.) कालपर्यंत एकाच निझामाचे रयत असलेले तांडे तीन राज्यांत गेले. पुढे १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातले लंबाडे अनुसूचित जमातीत आले. कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत. महाराष्ट्राने विमुक्त आणि भटक्या अशी स्वतःचीच वेगळी यादी केली आणि बंजारा गेले त्यातल्या 'विमुक्त जाती - अ' मध्ये. शिक्षण-नोकरीत त्याने काही आधार मिळाला, नाही असं नाही. माझा मित्रच त्यातून उभा राहिला. पण ही यादी राज्यापुरती. केंद्राच्या लेखी महाराष्ट्रातले बंजारा म्हणजे ओबीसी. आणि आरोग्याची मोठी मोजमापं केंद्राची असतात.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या माणसाने महाराष्ट्रावर सलग अकरा वर्षं, डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, मुख्यमंत्री म्हणून राज्य केलं, ते वसंतराव नाईक बंजाराच होते, पुसदजवळच्या गहुलीचे. त्यामुळे 'यांना कुणी वाली नव्हता' हे सोपं स्पष्टीकरण चालत नाही. १९७२ चा दुष्काळ त्यांच्याच कारकिर्दीत आला. रोजगार हमीच्या कामांनी त्या दुष्काळात लाखो माणसं जगवली हेही खरं, आणि त्याच दुष्काळानंतर मराठवाड्यातून उसाच्या फडाकडे जाणारी वाट रुंद झाली हेही खरं.

उसाची ही वाट आखली गेलेली आहे. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तिकडचा, पाणी तिकडचं, तोडायला हात मात्र इकडचे. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७८ मध्ये गुजरातेतल्या बारडोलीच्या कारखान्यावर लिहिलं. तिथे खानदेशातून मजूर आणत. जवळपास बेकार हात असताना लांबून माणसं का आणायची? कारण लांबून आलेला माणूस संध्याकाळी घरी जाऊ शकत नाही. रात्री दोनला गाडी भरायला उठवला तरी उठतो. आमच्याकडून जाणाऱ्या टोळ्यांनाही हे तंतोतंत लागू पडतं. त्यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, मातंग-बौद्ध आहेत, गरीब मराठा आणि मुसलमानही आहेत. (वंजारी आणि बंजारा हे दोन वेगळे समाज आहेत, पुण्या-मुंबईचे लोक हमखास घोटाळा करतात.) जमीन नाही किंवा असून पाणी नाही, हे सगळ्यांना जोडणारं सूत्र.

या व्यवसायात मोजायचं एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. दोन माणसं, एक नोंद. उचल कोयत्यावर मिळते, म्हणजे नवऱ्याच्या हातात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एक दिवस गैरहजर राहिलं तर 'खाडा' पडतो आणि उचलीतून दंड कापला जातो. आता या हिशोबात पाळी कुठे बसवायची, सांगा. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांब. चार दिवस दुखतंय म्हणून बसलं तर चार खाडे. बाळंतपणं लहान वयात झालेली, संसर्ग झाला की अंगावर काढायचा, कारण डॉक्टरकडे जाणं म्हणजेही खाडा. मग कुणीतरी सांगतं, एकदाच काढून टाक, कटकट संपली.

तांडे काय किंवा वाड्या-वस्त्या काय, घराजवळ तरी दवाखाना असावा की नाही? त्याचेही निकष आहेत. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजाराला. पाच हजाराच्या हिशोबात तीन-चारशे वस्तीचा तांडा दर वेळी मोठ्या गावाचं शेपूट होतो. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, हजार वस्तीला एक आशा ताई ठरली, तिथेही तांडा शेपूटच. मित्र म्हणतो, "सिस्टर गावापर्यंत येते. गाव ते तांडा दोन किलोमीटर, ते आमचं आम्ही."

आता आकडे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी हा परिच्छेद सोडावा, पण सोडू नये असं मला वाटतं. एप्रिल २०१९ मध्ये राधेश्याम जाधव या पत्रकाराने 'बिझनेसलाइन'मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायकांबद्दल लिहिलं आणि देशभर गदारोळ झाला. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीडमध्ये तीन वर्षांत ९९ खाजगी दवाखान्यांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. भागाकार करा: १६.८ टक्के. सहा बायकांमागे एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१५-१६ च्या एनएफएचएस-४ मध्ये, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण होतं ३.२ टक्के. दोन पाहण्यांची पद्धत वेगळी, वयाचं मिश्रण वेगळं, तेव्हा 'पाचपट' असं छातीठोक म्हणण्याआधी दहा वेळा तपासावं लागेल. पण एवढी दरी फक्त पद्धतीने पडत नाही.

आणि लक्षात घ्या, एनएफएचएसने हा प्रश्न सविस्तर विचारायला सुरुवात केली तीच मुळी २०१५-१६ मध्ये. याडीचं ऑपरेशन त्याच्या चार-पाच वर्षं आधीचं. शिवाय समितीची पाहणी बीडची, आम्ही जालन्याचे. मध्ये फक्त गोदावरी. अंबड-घनसावंगीच्या काठावर उभं राहिलं की पलीकडे बीड जिल्ह्यातलं गेवराई. तिकडची बाई आकड्यात आली, इकडची नाही.

मुख्य प्रश्न तसाच राहतो, की यात कोणत्या समाजावर किती भार पडतो? एनएफएचएसमध्ये जातीचे पर्याय चार: एससी, एसटी, ओबीसी आणि यांपैकी नाही. एनएफएचएस-५ मुळे आपण सांगू शकतो, की देशात पाच वर्षांखालच्या बालमृत्यूचं प्रमाण हजारी ४१.९ आणि आदिवासींमध्ये ५०.३ आहे. हे सांगता येतं कारण तो रकाना आहे. मंठ्याच्या तांड्यावरची बाई ओबीसीच्या डब्यात, बागायतदाराच्या आणि व्यापाऱ्याच्या घरातल्या बायकांबरोबर सरासरीत विरघळून जाते. सरासरी ही फार सभ्य गोष्ट आहे, कुणाचंच दुखणं दाखवत नाही. विमुक्त-भटक्यांसाठी केंद्राने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, मग भिकू रामजी इदाते आयोगाचा २०१८ मध्ये. या लोकांची धड गणनाच नाही, हे रडगाणं दोन्हीकडे आहे.

माझ्या क्लायंटच्या देशात हा रकाना आला कुठून, तेही मग शोधलं. १८९६ मध्ये फ्रेडरिक हॉफमन नावाच्या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने पुस्तक लिहिलं, की काळे लोक जास्त मरतात कारण त्यांचा वंशच कमकुवत आहे. अर्थातच त्यांचा विमा काढणं तोट्याचं! १९०६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातून त्याला उत्तर दिलं. तेच आकडे घेऊन दाखवलं, की दोष रक्तात नाही, राहणीमानात आहे: घर, पाणी, पगार, डॉक्टर. हॉफमनचं मराठी भाषांतर मी स्वतः ऐकलंय. २०१९ च्या गदारोळात एका लग्नात एक डॉक्टर काका जेवताना सांगत होते, "या बायका मुळातच स्वच्छता पाळत नाहीत हो." पाणी कुठून आणायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गुलाबजाम खात राहिलो. याची लाज आजही वाटते.

पुढे १९७७ मध्ये अमेरिकन सरकारने वंशाच्या नोंदीचे पर्याय ठरवून दिले, १९८५ मध्ये त्यांच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. अल्पसंख्य समाजांत वर्षाला साठ हजारांच्या आसपास मृत्यू 'जास्तीचे' होतात, असं त्यात मांडलं होतं. जास्तीचे म्हणजे, गोऱ्यांइतकाच मृत्युदर असता तर झाले नसते असे. अगदी २०२४ मध्येही त्यांनी ते पर्याय पुन्हा बदलले. आमच्या बगचं मूळ हेच. अर्धी सिस्टीम जुन्या यादीवर, अर्धी नव्या.

इथवर लिहून झाल्यावर मला वाटलं, लेख झाला: रकाना हवा, बास. म्हणून मित्राला वाचून दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "मावसबहिणीचं विचारलंस का? ती एसटी आहे ना. तिची पण पिशवी काढलीय."

गपगार झालो. मग बघितलं. त्याच एनएफएचएस-४ मध्ये गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात सर्वात जास्त कुठे होतं? आंध्र प्रदेशात, ८.९ टक्के. आणि तेलंगणात ७.७. जिथे लंबाडे कागदोपत्री अनुसूचित जमात आहेत तिथेच. आंध्रात २००७ मध्ये आरोग्यश्री विमा योजना आली, खाजगी दवाखान्यांना ऑपरेशनमागे पैसे मिळायला लागले, आणि गर्भाशयं इतकी निघायला लागली की सरकारला बंधनं घालावी लागली. बिहार, छत्तीसगड, राजस्थान, सगळीकडे हीच तऱ्हा. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली, ती यामुळेच. आणि अमेरिकेत रकाना होता म्हणून सगळं आलबेल होतं का? टस्कीगीला १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं निरखत ठेवलं. तिथे तर रकाना बघूनच माणसं निवडली होती. कम्बरलेजच्या टिपणासारखंच.

म्हणजे मोजणारा कशासाठी मोजतोय, हे रकान्यात लिहिलेलं नसतं.

तरीही मी रकान्याच्या बाजूने आहे, आणि मित्रही. आमचं भांडण फक्त कारणावरून आहे. मी म्हणतो, आकडा असला की जाब विचारता येतो. ८२,३०९ आणि १३,८६१ हे दोन आकडे बाहेर आले म्हणूनच बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची अट आली. तो म्हणतो, "पिशवी परत येत नाही रे आकड्याने. पण माझ्या रजिस्टरमध्ये माझ्या आईला 'इतर' म्हणून टिक करताना मला कसं वाटतं, ते तुला नाही कळणार." मला खरंच नाही कळणार. आमच्या घरात कुणी कधी कुठल्या फॉर्मवर 'इतर' नव्हतं.

गेल्या दोन-चार वर्षांत बऱ्याच गोष्टी एकदम झाल्यात. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने कोक-पेप्सीपर्यंत धागा नेऊन दाखवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्याचा मला खरा आनंद आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारने जाहीर केलं की येत्या जनगणनेत, जिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, जात मोजली जाईल. १९३१ नंतर पहिल्यांदा. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेट हे शब्द महाराष्ट्रात प्रत्येकाच्या तोंडी झाले, कारण त्यातल्या नोंदींवरून मराठा समाजाला कुणबी दाखले द्यायचा निर्णय झाला, आणि लगोलग त्याच गॅझेटचा आधार घेऊन बंजारा समाज एसटीच्या मागणीसाठी रस्त्यावर आला. निझामाच्या कारकुनांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भरलेले रकाने अजून माणसांना रस्त्यावर आणतायत. आमच्या टेबलांना एवढं आयुष्य नाही लाभायचं!

दिवाळीत जालन्याला गेलो होतो तेव्हा मित्राबरोबर तांड्यावर जाऊन आलो. याडी आता चव्वेचाळीस-पंचेचाळीसची असेल, दिसते साठीची. गेल्या वर्षी अंगणात नुसती घसरली तर मनगट मोडलं. पिशवीबरोबर तिच्या बीजांडकोशांचंही काय केलं ते कुठल्याच कागदावर नाही, कागदच नाही. मित्राला आता एवढं ज्ञान आहे, की ती काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. तेव्हा नव्हतं.

तांड्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. भांडी, गोधड्या, बाजरीची पोती, दोन शेळ्या, एक सायकल. मित्राची चुलत वहिनी निघाली होती, पाचवा महिना. महिला-बालविकास खात्याने स्थलांतरितांचा माग ठेवणारी एक ऑनलाइन प्रणाली काढलीय, सुरुवातीला जे थोडे जिल्हे निवडले त्यात जालनाही होता. अंगणवाडी ताई मोबाईल घेऊन ट्रॅक्टरपाशी आली होती, नाव, महिना, कुठल्या जिल्ह्यात जाणार ते भरत होती. वहिनीला कारखान्याचं नाव माहीत होतं, जिल्ह्याचं नाही. मुकादमाला विचारायला कुणीतरी धावलं.

तेवढ्यात मी उगाच याडीला विचारलं, "याडी, फॉर्मवर जात कोणती लिहायची म्हटलं तर तू काय सांगशील?"

ती माझ्याकडे बघत राहिली, एवढं शिकून हे माहीत नाही का अशा नजरेने. म्हणाली, "गोर."

मग वहिनीचं लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिने पत्र्याच्या पेटीत, सगळ्यात खाली ठेवलं. मित्र ओरडला, "खाली नको, वर ठेव, तिकडे दवाखान्यात दाखवावं लागेल." पण तोवर वर गोधड्या पडल्या होत्या आणि ट्रॅक्टर सुरू झाला होता.